बारीक शिरेला मोठी सिरिंज: पायावरच्या जाळीदार शिरांच्या इंजेक्शनसाठी काय निवडावं आणि का

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यामागे किंवा घोट्यापाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या रेषा उमटतात. दवाखान्यात त्यांना 'स्पायडर व्हेन्स' म्हणतात. जाडी एक मिलिमीटरच्या आत. त्यांच्या खाली बहुतेक वेळा हिरवट-निळी, एक ते तीन मिलिमीटर जाडीची शीर असते आणि वरच्या जाळीला रक्त तीच पुरवते. तिला 'रेटिक्युलर' शीर म्हणतात. दोन्ही घालवायची रुळलेली पद्धत म्हणजे स्क्लेरोथेरपी. शिरेत थोडं औषध सोडायचं. ते शिरेचं आतलं अस्तर जाळतं, भिंती चिकटतात आणि काही आठवड्यांत ती शीर शरीरच जिरवून टाकतं.

औषध कोणतं, किती टक्क्यांचं, नंतर पायावर घट्ट मोजे किती दिवस घालायचे, यावर भरपूर चर्चा होते. सिरिंज मात्र कपाटात जी हाताला लागेल ती घेतली जाते. पायावर पुढे सहा महिने दिसणारे तपकिरी डाग, नवी केसांसारखी लाल जाळी, क्वचित एखादी चिघळलेली जखम, यांतल्या बऱ्याच गोष्टींचा उगम मात्र अंगठा आणि दट्ट्या यांच्या मधल्या चार-पाच सेंटीमीटरांत असतो. हे लिखाण त्वचारोगाच्या दवाखान्यांतले नवे डॉक्टर, त्यांना साहित्य काढून देणाऱ्या सिस्टर आणि सामान मागवणारे यांच्यासाठी आहे. उपचार करून घेणाऱ्यांनाही आपल्या पायाशी काय चाललंय ते यातून कळेल. सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पण म्हणून हे काम घरी किंवा पार्लरमध्ये करायचं नसतं.

पिचकारीचा हिशेब

शीर बारीक, औषध थोडं, म्हणून सिरिंजही बारीक घ्यावी, हे कुणालाही पहिल्यांदा सुचतं. नेमकं इथेच गणित उलटं फिरतं.

रंगपंचमीच्या दोन पिचकाऱ्या घ्या. दोन्हींचं भोक सारखं, पण एकीची नळी बारीक, दुसरीची जाड. सारखाच जोर लावला तर बारीक नळीची धार समोरच्या गच्चीवर जाते आणि जाड नळीची अंगणातच पडते. जोर तोच असतो, पण तो जितक्या लहान चकतीवर पडेल तितका पाण्यावरचा दाब वाढतो.

१ मिलिच्या सिरिंजची आतली रुंदी साधारण ४.७ मिमी असते, ३ मिलिच्या सिरिंजची साधारण ८.६ मिमी आणि ५ मिलिची १२ मिमीच्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. क्षेत्रफळं काढली तर अनुक्रमे सुमारे १७, ५८ आणि ११३ चौरस मिमी येतात. आता अंगठ्याने अर्धा किलो वजनाइतका जोर लावला असं धरू. ३ मिलिच्या सिरिंजमध्ये साडेसहाशे मिमी पाऱ्याच्या आसपास दाब तयार होतो. १ मिलिच्या सिरिंजमध्ये तोच अंगठा दोन हजारांच्या वर नेतो. म्हणजे तिपटीहून जास्त. तुलनेसाठी, पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाच्या पायातल्या शिरेतला दाब जेमतेम दहाच्या आसपास असतो.

सुदैवाने हा सगळा दाब शिरेपर्यंत पोचत नाही. सुईचं भोक इतकं अरुंद असतं की बहुतेक दाब सुईतून जातानाच खर्ची पडतो. पण खर्ची पडल्यावर हाती काय उरतं, तर वेग: सेकंदाला किती औषध बाहेर पडतं तो. शिरेला त्रास होतो तो या वेगाचा. औषध पुढे सरकायला जितका वेळ लागतो त्याहून भराभर येऊ लागलं की शीर फुगते, आणि इतकी पातळ भिंत फुगून फार काळ टिकत नाही.

मग चार गोष्टी होऊ शकतात. भिंत तडकून रक्ताच्या तांबड्या पेशी कातडीखाली सांडतात. त्यांतलं लोह तिथेच साठतं आणि तपकिरी डाग पडतो. सावळ्या कातडीवर तो रेंगाळतो, आणि आपल्याकडे हीच तक्रार घेऊन रुग्ण सगळ्यात जास्त परत येतात. दुसरं, औषधच बाहेर गळतं. ते तीव्र असेल तर कातडी मरते आणि व्रण होतो. तिसरं, आजूबाजूच्या केशवाहिन्या चिडून नव्या, अधिकच बारीक लाल रेषा उगवतात. इंग्रजी पुस्तकं याला 'मॅटिंग' म्हणतात. आधीपेक्षा जास्त दिसतंय, असं रुग्ण म्हणतो तेव्हा बहुधा हेच असतं. चौथी गोष्ट क्वचित घडते, पण सगळ्यात वाईट. जोराने ढकललेलं औषध शिरेतून उलटं, चिमुकल्या धमनीत शिरतं. कातडी पांढरी पडते ती पांढरीच राहते, आणि तिथे मग खोल जखम होते. हे सगळं केवळ दाबामुळेच होतं असं नाही. औषधाची टक्केवारी गरजेपेक्षा जास्त असली तरी हीच फळं मिळतात. पण टक्केवारी आपण निदान विचार करून ठरवतो. दाब कुणी मोजत नाही.

मग १ मिलि टाकून द्यायची का

तसं नाही. तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी. १ मिलिच्या सिरिंजवर शतांश मिलिच्या खुणा असतात आणि दट्ट्या एक मिलिमीटर सरकला तर जेमतेम ०.०१७ मिलि औषध जातं. ३ मिलिच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच सरकण्याने ०.०५८ मिलि जातं. म्हणजे बारीक सिरिंज मापाला चोख आणि दाबाला अवखळ. मोठी सिरिंज दाबाला शांत आणि मापाला ढोबळ.

या कामात माप किती चोख लागतं? स्पायडर व्हेनच्या एका टोचणीला ०.१ ते ०.३ मिलि औषध पुरतं. थांबायचं कधी ते सिरिंजवरच्या रेघा ठरवत नाहीत, कातडी ठरवते. औषध पसरत जातं तशी लाल जाळी पुसल्यासारखी दिसेनाशी होते. टोचलेल्या जागेभोवती एक-दोन सेंटीमीटर पुसली गेली की थांबायचं. आणि सुईच्या टोकाशी फुगा आला तर त्याच क्षणी. नजर पायावर असते, रेघांवर नसते, म्हणून मापाच्या चोखपणापेक्षा दाबाचा शांतपणा जास्त कामाचा. २ किंवा ३ मिलिची सिरिंज पहिली पसंती ठरते ती यासाठी. आपल्याकडे २ मिलि सहज मिळते आणि तिची नळीही बरीचशी ३ मिलिच्या जवळपासच्या रुंदीची असते.

आणखी एक कारण आहे, पण ते सिरिंज हातात धरल्याशिवाय लक्षात येत नाही. १ मिलिची सिरिंज पूर्ण भरली की दट्ट्या जवळपास ५८ मिमी बाहेर येतो. ३ मिलिच्या सिरिंजमध्ये २ मिलि, म्हणजे दुप्पट औषध भरलं तरी तो ३४-३५ मिमीच बाहेर असतो. अंगठा जितका ताणून धरावा लागतो तितका हात थरथरतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या शिरेत बसलेल्या सुईला ती थरथर पुरेशी असते. म्हणून कुठलीही सिरिंज काठोकाठ भरू नये. ३ मिलित २, २ मिलित दीड, १ मिलि वापरायचीच असेल तर तिच्यात अर्धा.

५ मिलिची सिरिंज दाबाला आणखी सौम्य, पण ३० गेजच्या, म्हणजे अगदी बारीक सुईमागे ती लावली तर अंगठ्याला इतका जोर करावा लागतो की दहा टोचण्यांत हात दुखतो. दुखणारा हात धसमुसळा होतो. ती खालच्या मोठ्या शिरांसाठी आणि फोमसाठी, म्हणजे औषधाच्या फेसासाठी, राखून ठेवावी. हात लहान असेल तर २ मिलिच बरी. सिरिंज वापरणाऱ्याच्या पंजाच्या मापाची हवी, ही गोष्ट सामान मागवताना कुणीही विचारत नाही.

अडकतो आणि सुटतो

आता दट्ट्याकडे पाहू. तीन भागांच्या सिरिंजमध्ये नळी, दांडा आणि दांड्याच्या टोकाला काळं रबर असतं. रबर नळीत सहज सरकावं म्हणून आत सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ थर दिलेला असतो. तरीही स्थिर दट्ट्या हलवायला जो पहिला जोर लागतो तो चालू ठेवायच्या जोरापेक्षा जास्त असतो. स्वस्त किंवा फार दिवस पडून राहिलेल्या सिरिंजमध्ये हा फरक मोठा असतो: दाबतो, दाबतो, काही होत नाही, आणि मग एकदम सटकन जातं. हाताच्या दंडावरच्या इंजेक्शनला याने काही बिघडत नाही. इथे त्या एका सटकण्यात शीर फुटते.

उपाय सोपा आहे. औषध भरण्याआधी रिकामा दट्ट्या दोन-तीन वेळा पूर्ण मागेपुढे करावा. भरल्यावर एक थेंब बाहेर काढून पाहावा. तो हळू, अखंड आला पाहिजे. नवी कंपनी घ्यायची तर आधी एक डबाच मागवावा, साध्या सलाईनने भरून ३० गेजच्या सुईतून टिपकागदावर सोडून पाहावं. ओला ठिपका एकसारखा वाढत गेला तर सिरिंज चांगली. झटक्याझटक्याने वाढला तर ती लसीच्या कामाला ठेवावी. पोलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही दोन्ही नेहमीची औषधं साबणाच्या जातीची आहेत, म्हणून सिरिंजा सकाळी भरून दुपारपर्यंत ठेवणं टाळावं. औषध रबराशी आणि तेलाशी जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं.

ज्यांनी फॅमिली डॉक्टरकडच्या उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजा पाहिल्यात, त्यांना आठवेल की त्यांचा दट्ट्या नुसत्या वजनाने खाली सरकायचा. काच काचेवर, ना रबर ना तेल. या कामाला ती चाल उत्तमच होती. पण कावीळ आणि एचआयव्हीच्या काळात उकळण्यावर विसंबणं शक्य नाही, म्हणून ती गेली ते योग्यच झालं.

दोन भागांची प्लास्टिक सिरिंजही मिळते: रबर नाही, दांड्याचं टोकच नळीत घट्ट बसतं, सिलिकॉन नसतं किंवा नगण्य. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ती सोयीची आणि फोमसाठी तर फारच. तिची चाल थोडी कोरडी असते, हाताला सवय करावी लागते.

तोंड कसं हवं

सिरिंजच्या तोंडाचे मुख्य प्रकार दोन. साधं तोंड, ज्यावर सुई नुसती दाबून बसवतात, ते 'स्लिप'. आटे असलेलं, ज्यात सुई फिरवून अडकवतात, ते 'लॉक'. बारीक सुईमागे दाब जास्त असतो, आणि स्लिप तोंडावरची सुई दाबाने निसटली तर औषध फवाऱ्यासारखं उडतं, बरेचदा वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. ही औषधं अस्तर जाळायलाच बनवलेली आहेत. डोळ्याचं अस्तरही त्यांना चालतं. म्हणून लॉक घ्यावं, आणि लॉक असलं तरी चष्मा घालावा.

लॉकला एक खोड आहे. त्याच्या आट्यांची कड जाड असल्याने सिरिंज कातडीवर सपाट टेकत नाही. या शिरा कातडीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे सुई जवळजवळ आडवी, दहा ते तीस अंशांच्या कोनात शिरायला हवी. उपाय म्हणून सुई तिच्या निर्जंतुक टोपणाच्या आधाराने थोडी वाकवतात, तिरपं भोक वरच्या बाजूला ठेवून. एकदाच वाकवावी. पुन्हा सरळ करायला गेलात तर मुळाशी मोडते. तोंड मध्यभागी नसून कडेला असलेल्या सिरिंजाही मिळतात. त्या कातडीवर छान आडव्या बसतात, पण बहुधा ५ मिलिपासून पुढे आणि स्लिप प्रकारात.

सुईचा मागचा प्लास्टिकचा भाग पारदर्शक हवा. निळ्या रेटिक्युलर शिरेत सुई गेली की तिथे रक्ताचा ठिपका येतो आणि आपण आत आहोत हे कळतं. बारीक लाल जाळीत मात्र रक्त मागे येईलच असं नाही. तिथे पहिल्या थेंबासरशी जाळी पुसली जाते का, हीच खूण.

सुईचा क्रमांक

क्रमांक मोठा म्हणजे सुई बारीक, हे उलटं मोजमाप सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं ते असं की भोक थोडंसं अरुंद झालं तरी प्रवाह प्रचंड घटतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. २७ गेजचं भोक साधारण ०.२१ मिमी, ३० गेजचं ०.१६ मिमी. फरक पाव भागाचा, पण सारख्या दाबाला आणि सारख्या लांबीला २७ मधून तिप्पट औषध जातं. ३२ गेजमधून ३० च्या जेमतेम पाचवा भाग.

लाल जाळीसाठी ३० गेज, अर्धा इंच, पिवळ्या रंगाची. (२० गेजची जाड सुईही पिवळीच असते, म्हणून रंगावर न जाता वेष्टन वाचावं.) ३२ गेज फार नाजूक रेषांसाठी, ती लवकर वाकते आणि लवकर बोथट होते. निळ्या शिरांना २७ गेज, करड्या रंगाची. त्याहून मोठ्या शिरा आणि फोम यांना २५ गेज, नारिंगी, किंवा त्याच मापाची फुलपाखरी, म्हणजे धरायला प्लास्टिकचे पंख असलेली सुई. दुकानातून आणलेल्या २ मिलिच्या सिरिंजसोबत बहुधा २४ गेजची एक इंची सुई येते. ती इथे नको. काढून बाजूला ठेवावी.

सुई बोथट झाली की कातडी आधी दबते आणि मग एकदम टोचते, आणि सुई शीर ओलांडून पलीकडे जाते. चार-पाच टोचण्यांनंतर, किंवा हाताला अडथळा जाणवला की लगेच, सुई बदलावी. बदललेल्या सुईच्या मागच्या पोकळीत हवा असते, ती थेंब काढून घालवावी. साध्या तोंडाच्या सिरिंजमध्ये आणि सुईच्या मुळाशी मिळून पाच ते आठ शतांश मिलि औषध अडकून राहतं. दहा सुया बदलल्या तर अर्धा मिलिच्या वर वाया गेलं. बोथट सुईने होणाऱ्या डागाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

इन्सुलिनच्या सिरिंजचा मोह

सुई पक्की बसवलेली, ३० किंवा ३१ गेज, औषध जवळजवळ अजिबात वाया जात नाही, कुठेही मिळते. मोह पडणारच. काही डॉक्टर वर्षानुवर्षं तीच वापरतात आणि हात बसलेला असेल तर कामही नेटकं होतं. पण वरचे सगळे आक्षेप तिला लागू आहेत: नळी बारीक, दट्ट्या लांब, सिलिकॉन भरपूर. शिवाय सुई बदलता येत नाही; बोथट झाली की सिरिंजच फेकायची. तिने औषध ओढताना बाटलीच्या रबरी बुचातून सुई गेली की रुग्णाला टोचण्याआधीच धार मोडते. म्हणून औषध दुसऱ्या सिरिंजने काढून, इन्सुलिनच्या सिरिंजचा दट्ट्या बाहेर ओढून, मागून भरावं लागतं. त्यात सांडणं आणि निर्जंतुकता मोडणं हे दोन्ही आलं.

आपल्या देशात आणखी एक खड्डा आहे. इथे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा शेजारी शेजारी विकल्या जातात: लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. पहिलीत ४० रेघा म्हणजे १ मिलि, दुसरीत १०० रेघा म्हणजे १ मिलि. ०.१ मिलि म्हणजे पहिलीत ४ रेघा, दुसरीत १०. सिस्टरला 'दहापर्यंत भर' म्हटलं आणि हातात लाल टोपण असलं तर अडीच पट औषध गेलं. वापरायचीच असेल तर दवाखान्यात एकच प्रकार ठेवावा आणि बोलताना मिलिमध्येच बोलावं.

लसीकरणात वापरतात त्या आपोआप बंद पडणाऱ्या सिरिंजा इथे निरुपयोगी. त्यांचा दट्ट्या एकदाच मागे येतो आणि एकदा दाबला की अडकतो. थांबत थांबत टोचायचं, मध्ये किंचित ओढून पाहायचं, हे त्यांना जमत नाही.

भरणं आणि नाव लिहिणं

औषध १८ किंवा २१ गेजच्या जाड सुईने ओढावं आणि मग टोचायची सुई लावावी. काचेचं अँप्यूल फोडलं असेल तर काचेचे बारीक कण टाळायला गाळणीची सुई घ्यावी. ३० गेजच्या भोकात असा कण अडकला की दाब वाढत जातो आणि वापरणाऱ्याला वाटतं, शीरच अडली.

चुका होतात त्या पातळ करताना. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ३ टक्क्यांचं मिळतं आणि लाल जाळीला ०.२ टक्के पुरतं. ३ ला ०.२ ने भागलं तर १५. म्हणून १ मिलि औषधात १४ मिलि सलाईन, १५ नाही. पोलिडोकॅनॉल ३ वरून ०.५ टक्क्यांवर आणायचं तर १ मिलित ५ मिलि सलाईन. हे मिश्रण २० किंवा १० मिलिच्या सिरिंजमध्ये करावं आणि तिथून लहान सिरिंजांत भरावं. १ मिलिच्या सिरिंजमध्ये थोडं थोडं मिसळत बसलं की प्रत्येक वेळी मुळाशी अडकलेलं औषध हिशेब बिघडवतं.

सगळी औषधं पाण्यासारखी रंगहीन दिसतात. ०.५ टक्के, ३ टक्के, नुसतं सलाईन: ट्रेमध्ये ओळखू येत नाहीत. भरल्या क्षणी चिकटपट्टीवर नाव आणि टक्केवारी लिहून नळीवर लावावी, पण रेघा झाकू नयेत. अजून चांगलं म्हणजे मापच वेगळं ठेवावं: कमी टक्क्यांचं औषध नेहमी २ मिलिच्या सिरिंजमध्ये, जास्त टक्क्यांचं नेहमी ५ मिलिच्या. मग घाईतला हातही चूक ओळखतो.

एका बैठकीत पोलिडोकॅनॉलचं द्रव औषध १० मिलिपेक्षा जास्त देऊ नये, असं अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेल्या औषधाच्या माहितीपत्रकात आहे. युरोपात मोजतात ते दिवसाला वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम असं. ६० किलोच्या व्यक्तीला १२० मिलिग्रॅम; ०.५ टक्के औषधाच्या प्रत्येक मिलित ५ मिलिग्रॅम असतात. पाठ करायची गरज नाही. ट्रेमध्ये भरलेल्या २ मिलिच्या पाचच सिरिंजा ठेवाव्यात. त्या संपल्या की बैठक संपली.

फोमची गोष्ट वेगळी

औषधाचा हवेबरोबर फेस केला तर तो रक्तात मिसळून पातळ होण्याऐवजी रक्ताला पुढे ढकलतो आणि भिंतीला जास्त वेळ लागून राहतो. हवेचा असा उपयोग ऑर्बाख नावाच्या डॉक्टरांनी १९४४ मध्येच सुचवला होता: आधी हवेचा लहानसा बुडबुडा, मागून औषध. आज सगळीकडे चालते ती इटलीतल्या लोरेंझो तेसारी यांची रीत. दोन सिरिंजा, मध्ये तीन तोंडांची तोटी, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे. एका भागाला चार भाग हवा: १ मिलि औषध, ४ मिलि हवा, ५ मिलि फोम.

इथे सिरिंजची निवड नुसत्या सोयीची बाब राहत नाही, फोम टिकणार की नाही ते तीच ठरवते. सिलिकॉन हा फेसाचा वैरी. कारखान्यांत नको असलेला फेस मारायला तोच वापरतात. तेलकट सिरिंजमधला फोम डोळ्यांदेखत पाणी सोडतो. म्हणून दोन भागांची, सिलिकॉन नसलेली सिरिंज घ्यावी. दोन्ही सिरिंजांत तयार फोम पुरा मावला पाहिजे: ५ मिलि फोमला दोन्ही ५ मिलिच्या, २ मिलि फोमला ०.४ मिलि औषध, १.६ मिलि हवा आणि दोन २ मिलिच्या. एक लहान, एक मोठी घेतली की घुसळण अर्धवट राहते आणि मोठे बुडबुडे उरतात. तोंड लॉकचंच, कारण घुसळताना स्लिप निसटते आणि फवारा उडतो. शेवटच्या दहा खेपांना तोटी किंचित अर्धवट बंद केली तर वाट अरुंद होऊन बुडबुडे आणखी बारीक होतात.

चांगला फोम दाढीच्या साबणासारखा घट्ट, एकजीव, पांढराशुभ्र असतो. सिरिंज उभी धरून तळाशी पाण्याची रेघ दिसली की तो टाकून नवा करायचा. मिनिटभरात वापरावा. एप्रिल-मे महिन्यात पंखा लावलेल्या खोलीत तो थंड खोलीपेक्षा लवकर मोडतो. जर्मनीत टेगर्नझे इथे २००३ मध्ये युरोपातले तज्ज्ञ जमले तेव्हापासून चर्चा चालत आलेली आणि आता सर्वसाधारणपणे पाळली जाणारी मर्यादा बैठकीला १० मिलि फोमची आहे. फोमनंतर क्वचित काही मिनिटं डोळ्यांपुढे चमकतं किंवा अर्धशिशी उठते; हृदयाच्या पडद्यात लहान भोक असलेल्यांना धोका जास्त, म्हणून ते आधीच विचारून घ्यावं. बारीक लाल जाळीसाठी मात्र फोमच्या मागे लागू नये. तिथे पातळ द्रव आणि हळू हात हेच बरं. फोमने तिथे डाग आणि नवी जाळी येण्याची शक्यता वाढते.

ट्रे आणि त्यानंतर

एका साध्या बैठकीचा ट्रे असा: २ मिलिच्या लॉक तोंडाच्या पाच सिरिंजा, प्रत्येकीवर नाव, ३० गेजच्या दहा-बारा सुया, २७ च्या तीन-चार, औषध ओढायला १८ ची एक, पातळ करायला १० मिलिची एक सिरिंज, चष्मा, शेजारी आपत्कालीन ॲड्रेनलीन, कारण ॲलर्जी सांगून येत नाही. रुग्णाने वेष्टन आपल्यासमोर फोडा म्हटलं तर राग मानू नये, फोडावं. औषध कोणतं, किती टक्के आणि आज एकूण किती मिलि गेलं, हेही कागदावर लिहून द्यावं. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी त्याला कुठून सुरू करायचं ते कळतं.

वापरलेली सुई टोपण न घालता पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. फोडलेली काच निळ्या खोक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले हे रंग आहेत. उरलेल्या औषधाची, त्याच रुग्णासाठी 'पुढच्या महिन्याला' म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेली सिरिंज दिसली, तर ती तिथल्या तिथे टाकायला लावावी.